विंडोजची आवृत्ती आणि परवाना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ होम आहे. कार्यालयाचे काम घरून करायचे असल्यामुळे प्रो आवृत्ती घ्यावी का?

उत्तर : होम आणि प्रो यांच्या वेगात किंवा नेहमीची सॉफ्टवेअर चालवण्याच्या क्षमतेत फरक नसतो, फरक आहे तो संगणकाच्या व्यवस्थापनात. संस्थेच्या डोमेनला म्हणजे एकत्र व्यवस्थापित होणाऱ्या संगणकांच्या गटाला संगणक जोडणे, ग्रुप पॉलिसी (संगणकांवर नियम लागू करण्याची सोय), बिटलॉकर या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीचे संपूर्ण नियंत्रण आणि हायपर-व्ही (संगणकातच आभासी संगणक चालवण्याची सोय) या गोष्टी प्रोमध्ये आहेत. रिमोट डेस्कटॉपविषयी, म्हणजे एका संगणकावरून दुसरा दूरचा संगणक वापरण्याविषयी, मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो. होममधून कार्यालयातील प्रो संगणकावर जाता येते, पण बाहेरून होम असलेल्या संगणकावर येता येत नाही. तुम्हाला पहिलीच गरज असेल, तर प्रो घेण्याचे कारण नाही. उद्या गरज भासलीच, तर प्रोची की (सक्रियकरणाचा संकेतांक) टाकून फाइलींना धक्का न लागता वरच्या आवृत्तीत जाता येते; प्रोमधून होमकडे परतताना मात्र नव्याने इन्स्टॉल करावे लागते.

प्रश्न : मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलल्यावर विंडोज सक्रिय नसल्याचा संदेश येतो. परवाना गेला का?

उत्तर : तो कोणत्या प्रकारचा होता, यावर ते ठरते. संगणकाबरोबर आलेला ओईएम म्हणजे उत्पादकाने घातलेला परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो. बिघडलेला मदरबोर्ड उत्पादकाने बदलून दिला असेल, तर हक्क कायम राहतो. स्वतःच्या पसंतीने वेगळा मदरबोर्ड बसवला, तर तो नवा संगणक समजला जातो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. तुमचा डिजिटल परवाना (की न टाकता संगणकाच्या नोंदीवरून मिळणारा हक्क) मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडलेला असेल, तर सक्रियकरणाच्या ट्रबलशूटरमध्ये (अडचण सोडवणाऱ्या साधनात) हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून तो परत मिळवता येतो. म्हणून ही जोडणी दुरुस्तीआधीच करून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : अतिशय स्वस्तात विकत घेतलेली २५ अक्षरांची की टाकली आणि विंडोज सक्रिय झाली. आता ती अधिकृत मानायची ना?

उत्तर : सक्रिय झाली एवढ्यावरून ती अधिकृत ठरत नाही. परवाना म्हणजे वापरण्याचा हक्क आणि की म्हणजे सक्रियकरणाचे साधन. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच सद्भावनेने पैसे मोजणारी माणसे फसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा कींपैकी कित्येक मोठ्या संस्थांना व्हॉल्यूम करारान्वये (अनेक संगणकांसाठी एकत्र केलेल्या करारान्वये) दिलेल्या मल्टिपल ॲक्टिव्हेशन की असतात. अशा एकाच कीने ठरावीक संख्येपर्यंत संगणक सक्रिय करता येतात, त्यामुळे बाहेर फुटलेली की अनेकांना विकता येते आणि गैरवापर लक्षात आल्यावर ती बंदही होऊ शकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की डेस्कटॉप विंडोजचा व्हॉल्यूम परवाना मुळात अपग्रेडचा असतो, म्हणजे संगणकावर विंडोजचा एखादा पात्र परवाना आधीपासून असावाच लागतो. त्यामुळे कोऱ्या संगणकासाठी अशी की कराराप्रमाणे कधीच पुरेशी ठरत नाही. कमांड प्रॉम्प्ट या आज्ञा टंकण्याच्या खिडकीत ‘एसएलएमजीआर’ लिहून जागा सोडून पुढे ‘स्लॅश डीएलआय’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिल्यावर तुमची की ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी कोणत्या प्रकारातील आहे, ते दिसते. घरगुती संगणकावर तिथे व्हॉल्यूम दिसल्यास विक्रेत्याकडे पैसे परत मागावेत आणि खात्रीच्या ठिकाणाहून परवाना घ्यावा.

प्रश्न : संस्थेने दिलेला लॅपटॉप अनेक महिने घरीच आहे. त्यावर आता विंडोज सक्रिय करण्याची सूचना येऊ लागली आहे. की बनावट असेल का?

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. पुष्कळ संस्था की मॅनेजमेंट सर्व्हिस म्हणजे केएमएस वापरतात. तीत प्रत्येक संगणक संस्थेच्याच सर्व्हरकडून सक्रिय होतो आणि ते सक्रियकरण १८० दिवस टिकते. संगणक दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतो, पण संस्थेच्या नेटवर्कबाहेर असताना त्याला तो सर्व्हर सापडत नाही. बाहेरून दुसरी की आणून टाकू नका. संस्थेच्या व्हीपीएनला (घरून संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरण्याच्या सुरक्षित जोडणीला) जोडून घ्या आणि तरीही सूचना गेली नाही, तर संगणक विभागाला कळवा. सर्व्हरशी एकदा संपर्क झाला, की १८० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.