एचआयव्ही खूप वाढल्यावर माणूस विसरभोळा का होतो? हा डिमेन्शिया बरा होतो का?

बऱ्याच अंशी सुधारू शकतो, म्हणून आधीच हार मानू नका. हा विषाणू मेंदूत लवकर शिरतो, पण चेतापेशींना थेट लागण करत नाही. तो तिथल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये वाढतो आणि त्यातून होणाऱ्या दाहामुळे चेतापेशी खराब होतात. विचार मंदावतात, लक्ष लागत नाही, उत्साह जातो, चाल अडखळते. घरच्यांना हा आळस किंवा नैराश्य वाटतं आणि महिने वाया जातात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नियमित घेतल्यास अनेकांत स्पष्ट फरक पडतो. झालेली सगळी हानी मात्र भरून येतेच असं नाही.

पण प्रत्येक गोंधळलेपणाला डिमेन्शिया समजू नका, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. डिमेन्शिया आठवड्या-महिन्यांत वाढतो. काही दिवसांतच डोकेदुखी, ताप, झटके किंवा एका बाजूची कमजोरी आली तर टॉक्सोप्लाझ्मोसिस (परजीवीचा मेंदूतला संसर्ग), क्रिप्टोकोकल (बुरशीचा) किंवा क्षयाचा मेंदूज्वर असू शकतो. सीडी४, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या, १००च्या खाली असेल तर पहिल्या दोन्हींचा धोका फार वाढतो. तिन्हींवर उपचार आहेत, पण उशीर जिवावर बेततो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेंदूचा स्कॅन आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी लागू शकते. बी१२ची कमतरता आणि सिफिलिसही तपासून घ्या.