फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांमुळे राजसत्ता दुबळी झाली की बळकट?

आधी दुबळी, पण शेवटी बळकट झाली. 1598 चा नांतचा आदेश आणि 1629 चा आलेसचा तह शेजारी ठेवून वाचले की हे स्पष्ट दिसतं. नांतमध्ये चौथ्या हेन्रीने प्रोटेस्टंट ह्यूगेनोंना उपासनेची मोकळीक दिलीच, शिवाय तटबंदीची शहरं आणि त्यांतली शिबंदीही त्यांच्याकडे राहू दिली. म्हणजे राज्यातच दुसरं सैन्य! 36 वर्षांच्या यादवीनंतर राजाला एवढं द्यावं लागलं. पुढे तेराव्या लुईचा मुख्य मंत्री रिशेल्यू याने ला रोशेल या ह्यूगेनोंच्या बंदराच्या शहराला वेढा घातला, समुद्राकडून मदत येऊ नये म्हणून बंदरासमोर बांध घातला आणि 1628 मध्ये उपासमारीने शहर शरण आलं. हजारो माणसं भुकेने मेली, हे विसरता कामा नये. आलेसच्या तहात ह्यूगेनोंचा उपासनेचा हक्क राहिला, पण किल्ले आणि फौज गेली. माझ्या मते खरं वळण हेच. चौदाव्या लुईने 1685 मध्ये आदेश रद्द केला, तेव्हा ह्यूगेनोंकडे प्रतिकाराची ताकदच उरली नव्हती.

मात्र सगळं श्रेय धर्मसंघर्षाला देऊ नका. करांचा बोजा आणि राजाच्या अधिकाऱ्यांचा वचक वाढला तो मुख्यतः 1635 पासूनच्या स्पेनविरुद्धच्या युद्धामुळे, आणि स्पेन तर फ्रान्सच्या राजासारखाच कॅथलिक होता.