तेजबहादूर सप्रू मवाळ होते, मग सरकारात जाऊन त्यांनी नेमकं केलं काय?

‘सह्या करून पगार घेतला’ हा समज चुकीचा आहे. अलाहाबाद हायकोर्टातली जोरात चाललेली वकिली बाजूला ठेवून सप्रू 1920 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदा सदस्य झाले. आजच्या भाषेत कायदामंत्री; फक्त विधिमंडळाला उत्तरदायी नाही, आणि गाडं अडायचं ते इथंच. मागे मतदार नाहीत, पक्ष म्हणजे मूठभर लिबरल मंडळी, त्यामुळे जोर सगळा युक्तिवादाचा.

तरीही 1921 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या बसल्या. एकीच्या शिफारशीवरून वृत्तपत्रांवर बंधनं घालणारा 1910 चा प्रेस अ‍ॅक्ट गेला, दुसरीच्या शिफारशीवरून रौलट कायदा. दोन्ही 1922 मध्ये रद्द. माझ्या मते त्यांची खरी कमाई हीच.

पद सोडल्यावर ते सरकार आणि काँग्रेस यांच्यातले मध्यस्थ म्हणून जास्त उपयोगी पडले. 1930 च्या उन्हाळ्यानंतर ते आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर सविनय कायदेभंगात अटकेत असलेल्या काँग्रेस नेत्यांना भेटायला तुरुंगांच्या फेऱ्या मारत होते. ऑगस्टमध्ये मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूंना नैनी तुरुंगातून खास गाडीनं येरवडा तुरुंगात गांधीजींकडे आणलं गेलं. तेव्हा बोलणी फिसकटली. मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात मात्र या दोघांची मध्यस्थी कामी आली.