वाचकांचे प्रश्न : बोगद्यात शिरलेली गाडी पडद्यावर घाटात कशी?

प्रश्न : गणपतीला गावी जाताना आम्ही कशेडीच्या बोगद्यातून गेलो, परंतु गाडीच्या पडद्यावरचा बाण जुन्या घाटाची वळणे घेत होता आणि वेगमर्यादाही घाटातलीच दिसत होती. ही गाडी नकाशाच्या आधारे चालकाला सावध करते, असे विकताना सांगितले होते. ज्या नकाशाला बोगदाच ठाऊक नाही, त्याच्यावर कितपत विसंबावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बोगद्यात उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत. तेथे गाडी चाकांचे फेरे आणि दिशा मोजणारा संवेदक यांवरून आपण कोठे असू याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज नकाशातल्या जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवते. पोलादपूर आणि खेड यांच्यामधील या बोगद्याची एक बाजू 2023 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर वाहनांसाठी खुली झाली. तुमच्या गाडीतला नकाशा त्याआधीचा असेल, तर त्याला ठाऊक असलेला जवळचा रस्ता म्हणजे जुना घाटच.

तरीही नकाशाला मोडीत काढू नये. कॅमेरा आणि रडार समोर दिसेल तेवढेच टिपतात. डोंगराआड वळलेला रस्ता त्यांना दिसत नाही, आणि कोकणातल्या पावसात कॅमेऱ्याची नजर आणखी तोकडी पडते. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते, आणि त्याच वळणावर वेग दुप्पट झाला की गाडीला बाहेर रेटणारा जोर चौपट होतो. म्हणून पुढचे वळण किती आवळलेले आहे आणि उतार किती आहे, हे नकाशातून आधीच कळले, तर वेग कमी करण्याची सूचना वळणावर पोहोचल्यावर नव्हे, तर त्याच्या बरीच अलीकडे देता येते. नकाशाचे खरे मोल येथे आहे, आणि डोंगराचे वळण सहसा वर्षानुवर्षे तसेच राहते.

वेगमर्यादेचे तसे नाही. चौपदरीकरणात रस्ता आज इकडून तर उद्या तिकडून वळवला जातो, आणि पाट्याही बदलतात. युरोपीय संघात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. तेथेही ती पाट्या वाचणारा कॅमेरा, नकाशा किंवा दोन्हींच्या आधारे चालते, चुकू शकते हे गृहीत धरलेले आहे, आणि अंतिम निर्णय चालकाच्या पायाशीच ठेवलेला आहे. आपल्याकडे 1 जुलै 2019 नंतरच्या मोटारींत 80 च्या पुढे अधूनमधून आणि 120 च्या पुढे अखंड वाजणारा इशारा असतो. पण त्या पिपाणीला रस्ता कोणता हे कळतच नाही. शाळेसमोरून तुम्ही 70 ने गेलात तरी ती गप्प राहते.

ही उणीव नकाशाच भरून काढू शकतो. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा अपघातांत दहा बळी गेले, तर तो पट्टा अपघातप्रवण ठरतो. अपघातांच्या नोंदी आता संगणकावर स्थळासह होतात. त्या नकाशात उतरल्या, तर चालकाला त्या पट्ट्याच्या अलीकडेच सावध करता येते. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2021 च्या नकाशांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करणे सोपे झाले आहे. आडव्या मापात 1 मीटरपेक्षा सूक्ष्म, म्हणजे जमिनीवरची जागा मीटरभराहून कमी फरकाने दाखवणारे नकाशे मात्र भारतीय संस्थांनीच करायचे आहेत.

तुमच्यापुरते सांगायचे, तर वळणाचा आणि उताराचा इशारा मानावा. वेगमर्यादेच्या बाबतीत पडदा आणि रस्त्याकडेची पाटी यांत तफावत असेल, तर पाटीच ग्राह्य धरावी. गाडीच्या सेटिंगमध्ये नकाशाच्या आवृत्तीची तारीख बहुधा सापडते. ती बोगद्याच्या आधीची निघाली, तर पुढच्या सर्व्हिसिंगला नवा नकाशा भरून मागावा, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हेही आधीच विचारून घ्यावे.