प्रेमापायी हिरो सोंग घेतो अशी १९२० च्या आसपासची फ्रेंच रोमँटिक कॉमेडी कुठली? (चॅप्लिन बघून झालाय)

चॅप्लिन झालाय म्हणताय तर आता फ्रेंच मूकपटांतला विनोदी नट मॅक्स लिंडर बघाच, खुद्द चॅप्लिनने त्याला दिलेल्या फोटोवर त्याला गुरू आणि स्वतःला शिष्य म्हटलंय. सुरुवात १९१४ च्या 'मॅक्स पेदिक्यूर'ने करा. पाथे या फ्रेंच कंपनीची मूक फिल्म, छोटीशीच आहे.

गोष्ट म्हणाल तर एवढीच, मॅक्स एका बाईच्या घरी लाडीगोडी लावायला गेलाय, बाई लग्न झालेली (फ्रेंच कॉमेडीत हे चालायचंच), आणि सगळं रंगात आलेलं असताना नवरा घरी टपकतो. आता हा माणूस कोण? तर म्हणे पेडिक्युअरवाला, पाय करायला आलाय. नवऱ्यालाही बरंच होतं, तो म्हणतो मग माझेही करून टाक!

आता गंमत बघा, वेषांतर म्हटलं की आपल्याला खोटी दाढी, साडी, विग असलं काहीतरी वाटतं, इथे त्यातलं काहीच नाही. सगळं सोंग एका थापेवर उभंय. मॅक्सचं पडद्यावरचं रूप म्हणजे रेशमी टॉप हॅट, कोरलेली मिशी, हातात छडी, एकदम खानदानी पॅरिसकर, आणि अशा माणसाला दुसऱ्याचे पाय हातात घ्यायला लागतात, तेही ज्याच्या बायकोवर लाइन मारत होता त्याचेच. त्याची किळस, घाबरगुंडी आणि वर 'मी रोज हेच करतो' असा आव, हे सगळं एकाच वेळी चेहऱ्यावर चालू असतं. त्या काळच्या बऱ्याच कॉमेड्या धावाधाव आणि आपटाआपटीवर चालायच्या, हा मात्र भुवई उचलून हसवतो. मला तरी हेच जास्त आवडतं.

खरंखुरं वेषांतर हवं असेल तर 'बी माय वाइफ' (१९२१), पण ती त्याने अमेरिकेत केलेली, म्हणजे फ्रेंच म्हणायची तर फक्त हिरोमुळे. त्यात मुलीच्या आत्याला मॅक्स पसंत नाही, तिला दुसराच मुलगा हवाय, मग हा बागेत बुजगावणं बनून उभा राहतो आणि त्या दुसऱ्याची वाट लावतो. पुढे आत्यावर इंप्रेशन मारायला पडद्याआड चोराशी मारामारी करतो, चोरही हाच आणि हिरोही हाच. तो सीन तर चुकवूच नका, बाकी उत्तरार्ध जरा ढेपाळतो.

माणूस मूळचा बोर्दोकडचा, द्राक्षमळेवाल्यांच्या घरातला, १९०५ मध्ये पाथेत आला. शेवट वाईट झाला, १९२५ मध्ये त्याने आणि बायकोने जीव दिला, मुलगी तेव्हा तान्हीच होती. त्याच मुलीने, मॉडने, मोठेपणी त्याच्या फिल्म्स शोधून पुन्हा लोकांसमोर आणल्या, नाहीतर आज आपल्याला नावसुद्धा माहीत नसतं.

बघताना एक करा, माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर समजा स्पीड चुकलाय, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे त्यामुळे आजच्या स्पीडने लावलं की सगळं धावायला लागतं आणि मॅक्सचे बारीक एक्स्प्रेशन्स निसटतात, प्लेबॅक ०.७५ वर आणून बघा, आणि वर कुणी धडाधड पियानो चिकटवला असेल तर सरळ म्यूट करा.