हळदीची पेढी टाकताना

सलाम. सांगलीच्या मार्केट यार्डात पेढी टाकतोयस, बरं वाटलं. पोप लिओ तेरावे यांचं कामगारांविषयीचं 1891 चं परिपत्रक वगैरे नंतर सावकाश वाच. आत्ता एवढंच धर.

पहिलं, काटा. बायबलच्या लेवीय पुस्तकात 19:36 मध्ये खरा तराजू, खरी वजनं असं स्पष्ट आहे. सगळेच पोत्यामागे कडता (वजनातली कपात) कापतात म्हणून तू कापू नकोस.

दुसरं, मजुरी. नवी मंडळी इथेच घसरतात. बायबलचंच अनुवाद हे पुस्तक 24:15 मध्ये सांगतं, सूर्य मावळायच्या आत दे. मीही सुरुवातीला 'शनिवारी एकदम देऊ' म्हणत हळद निवडणाऱ्या दोघींचे पैसे आठवडाभर अडकवले होते. (रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर मात्र मीच!) त्यांच्या घरची ज्वारी त्या पैशांवर यायची, हे फार उशिरा कळलं.

शेतकऱ्याच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या कागदात) हमाली, तोलाई वेगवेगळी लिही.

आणि चर्चला दशमांश (कमाईचा दहावा भाग) दिला की हिशेब फिटला, असं समजू नकोस. बायबलच्या आमोस 8:5 मधले व्यापारीही शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळत होते. लक्ष सगळं माप मारण्याकडे. पहिल्या हंगामात नफा कमी दिसेल, घाबरू नको. अडलं तर खातेवही घेऊन ये, चहा घेत बघू.