थर्टीफर्स्टच्या पार्टीसाठी 10 युरोच्या आत चांगली इटालियन स्पार्कलिंग वाइन कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: स्टुटगार्टला राहता, 31 डिसेंबरला घरी पंधराएक माणसं जमणार आहेत, पुण्याहून आईबाबा आलेले आहेत, जेवण मराठी आहे आणि बाटलीमागे दहा युरोच्या वर जायचं नाही. शँपेन बजेटबाहेर आहे. प्रोसेको ही इटालियन फसफसणारी वाइन मात्र दुकानात चार युरोपासून पंधरा युरोपर्यंत मिळते आणि फरक कशाचा ते कळत नाही.

मी इटलीतल्या पादोव्यात शिकायला होतो, आता म्युनिकला असतो. म्हणजे ही वाइन जिथे बनते तो मुलूखही माहीत आहे आणि तिच्यावर जिथे कर बसतो तो देशही. सुरुवात करापासूनच करतो, कारण तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

जर्मनीत फसफसणाऱ्या वाइनवर झेक्टश्टॉयर नावाचा वेगळा कर आहे. 1902 साली जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मच्या आरमाराला पैसा हवा म्हणून तो बसवला. आरमार कधीच समुद्राच्या तळाशी गेलं, कर मध्ये काही वर्षं उठला आणि 1939 मध्ये परत आला तो आजतागायत आहे. पाऊण लिटरच्या बाटलीला 1 युरो 2 सेंट, मग बाटली चारची असो की चारशेची. त्यावर 19 टक्के व्हॅट.

आता हिशेब करा. 4.99 च्या बाटलीतून व्हॅटचे 80 सेंट गेले, झेक्टश्टॉयर गेला, उरले 3.17. एवढ्यात जाड काचेची बाटली, बूच, तार, लेबल, आल्प्स ओलांडून येणारा ट्रक आणि दुकानदाराचा नफा बसवायचा. आत जी वाइन आहे तिच्या वाट्याला काय येत असेल याचा अंदाज करा. 8.99 च्या बाटलीत सगळे कर जाऊन 6.53 उरतात. म्हणजे तुम्ही दुप्पटही पैसे मोजले नाहीत, पण कर सोडून उरलेली रक्कम दुपटीच्या वर गेली. बाटली, बूच, ट्रक यांचा खर्च फारसा वाढत नसल्यामुळे ही वाढ बरीचशी वाइनमध्येच जाते. म्हणून माझा साधा हट्ट असा की पाचची बाटली घ्यायची नाही आणि पंधराची गरज नाही. आठ ते दहा युरोच्या पट्ट्यात राहा. तुमचं बजेट नेमकं तिथेच आहे.

या पट्ट्यात प्रोसेको घ्यायची तर लेबलवर कोनेल्यानो वाल्दोब्याडेने किंवा आझोलो यातलं एक नाव आणि डीओसीजी ही चार अक्षरं शोधा. तो इटालियन वाइनचा सगळ्यात वरचा अधिकृत दर्जा, डीओसी त्याच्या खालचा. साधी प्रोसेको डीओसी वेनेतो आणि फ्रिउली या प्रांतांतल्या नऊ जिल्ह्यांत कुठेही बनते, त्यातला मोठा भाग सपाटीचा, यंत्राने तोडणी होणारा. तिथे हेक्टरी 18 टन द्राक्षं घ्यायची मुभा आहे. डीओसीजी म्हणजे त्रेव्हिझोच्या उत्तरेच्या टेकड्या, हेक्टरी 13.5 टनांची मर्यादा. वाल्दोब्याडेनेच्या बाजूला काही उतार इतके उभे आहेत की यंत्र चढतच नाही, माणसं हाताने तोडणी करतात. या टेकड्या 2019 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. चवीत फरक कळतो का? कळतो. साध्या बाटलीत गोडसर नाशपाती आणि फेस एवढंच असतं, तो पहिल्या दोन घोटांत संपतो. टेकडीवरच्या बाटलीत फुलांचा वास असतो, बुडबुडे बारीक असतात आणि शेवटी किंचित खारटपणा राहतो. लेबलवर ‘रिवे’ (म्हणजे उभ्या उतारावरचे मळे) आणि पुढे एखाद्या गावाचं नाव दिसलं आणि किंमत दहाच्या आसपास असली तर डोळे मिटून उचला. कार्तित्से मात्र सोडा. 107 हेक्टरांची ती एक टेकडी आहे, त्यात नावाचेच पैसे बरेच असतात.

बाटलीवर साल असेल तर ते ताजं बघा. प्रोसेको मुरवायची वाइन नाही. वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते, त्यामुळे कोपऱ्यात सेलमध्ये लावलेली जुनी बाटली स्वस्त पडत नाही. कॅनमधली प्रोसेकोही घेऊ नका, कारण कॅनमध्ये प्रोसेको नावाने काही विकायला परवानगीच नाही. ते दुसरंच काहीतरी असतं.

आता साखर. इथे सगळेच फसतात. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूत’पेक्षा गोड असते. ब्रूतमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17 आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये 17 ते 32. तुमच्याकडे जेवण मराठी आहे म्हणून मी एक्स्ट्रा ड्राय सुचवेन. हिरव्या मिरचीच्या ठेच्यावर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, ब्रूत प्यायलात तर तिखट आणखी झोंबतं, थोडी साखर असली की जिभेला आधार मिळतो. नुसत्या कोथिंबीर वडीबरोबर किंवा तळलेल्या पापडाबरोबर पिणार असाल तर ब्रूतच हवी, तेलकटपणा ती साफ करून टाकते. मी दोन्ही आणतो. आधी ब्रूत उघडायची, जेवायला बसताना दुसरी.

पण खरं सांगू का, मराठी जेवणाला माझ्या मते प्रोसेकोपेक्षा लांब्रुस्को जास्त जमते आणि ती स्वस्तही असते. लाल, थंड, फेसाळणारी वाइन हे ऐकूनच लोक नाकं मुरडतात. दोष त्या दीड लिटरच्या गोड बाटल्यांचा आहे ज्या सुपरमार्केटात खालच्या फळीवर पडलेल्या असतात. त्या विसरा. इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलियात लोक जेवताना पितात ती लांब्रुस्को कोरडी असते, लेबलवर ‘सेक्को’ लिहिलेलं असतं. सोर्बारा गावाची लांब्रुस्को फिक्या गुलाबी रंगाची आणि चांगलीच आंबट, कास्तेल्व्हेत्रोची ग्रास्पारोस्सा जांभळी-काळी, तोंडाला किंचित तुरट. ग्लासात ओतली की वर जांभळा फेस उभा राहतो आणि दोन क्षणांत चर्र करून बसतो, ते बघण्यासारखं असतं. तिकडे ती न्योक्को फ्रित्तोबरोबर पितात. चरबीत तळलेला कणकेचा चौकोन, पुरीसारखा टम्म फुगलेला, त्यावर हॅमची पातळ चकती. जिथे रोजचं खाणं इतकं तुपकट-चरबीट आहे तिथली वाइन आपल्या मटणाच्या रश्श्याला, वड्याला, पावभाजीवरच्या लोण्याला घाबरत नाही. सहा-सात-आठ युरोला चांगली ग्रास्पारोस्सा मिळते. सुपरमार्केटात नसेल तर शहरातल्या एखाद्या इटालियन किराणा दुकानात विचारा, ते लोक मोदेनाचं नाव काढलं की खुलतात.

इटलीत 31 च्या रात्री मसूर खायची रीत आहे, सोबत कोतेकीनो नावाचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. मसुराचे दाणे म्हणजे नाणी, जितके खाल तितका पैसा. आपल्या पार्टीत अख्खा मसूर करून ठेवला तर शाकाहारी मंडळींचीही सोय होते आणि इटालियन रीतही पाळली जाते.

आईबाबांसाठी वेगळी बाटली घ्या, माझं ऐका. ज्यांना वाइनची सवय नाही त्यांच्या हातात ब्रूत दिली की चेहरा लगेच सांगतो. त्यांना मोस्कातो दास्ती द्या. इटलीतल्या पिएमोन्ते प्रांताची, पांढऱ्या मोस्कातो द्राक्षाची, गोड, अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपास. द्राक्षाचा रस जवळजवळ गोठणबिंदूला थंड ठेवतात आणि आंबवणं मध्येच थांबवतात, म्हणून द्राक्षाची स्वतःची साखर शिल्लक राहते. वरून काही घातलेलं नसतं. तिच्यात दाब कमी असतो, बूच साध्या वाइनचंच असतं, त्यामुळे झेक्टश्टॉयर लागत नाही. सात-आठ युरोत खरोखर उत्तम बाटली येते. करंजी, शंकरपाळी, नाताळचा गोड इटालियन पाव पानेत्तोने या सगळ्यांबरोबर हीच. पानेत्तोनेबरोबर ब्रूत उघडायची फॅशन इटलीतही आहे, पण गोडावर कोरडी वाइन कडवट लागते, मला ते कधी पटलेलं नाही. धमाक्याचं बूच हवंच असेल तर तिची मोठी बहीण आस्ती स्पुमान्ते घ्या, अल्कोहोल साधारण 7 टक्के. फक्त ‘दोल्चे’ लिहिलंय ना ते तपासा, 2017 पासून आस्ती कोरडीही मिळते.

शँपेनची आठवण येणारं कुणी पाहुण्यांत असेल तर एक बाटली त्रेन्तोदॉकची आणा. जुलिओ फेर्रारी नावाच्या माणसाने 1902 मध्ये त्रेन्तोला शँपेनच्या पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, ही वाइन सुरू केली. निदान 15 महिने ती यीस्टवर पडून असते, म्हणून भाजलेल्या पावाचा वास येतो. प्रोसेको मोठ्या टाकीत आंबवतात, तिच्यात तो वास सहसा येत नाही. सहकारी संस्थांच्या त्रेन्तोदॉक दहा-बारा युरोला मिळतात, ऑफर असली तर दहाच्या आतही. त्याच पद्धतीने बनणारी फ्रांचाकोर्ता फार सुंदर असते, पण या बजेटात नाही, विषय संपला.

नाताळच्या सुट्टीत स्कीइंगला इटलीतल्या दक्षिण तिरोलला जाणार असाल तर बाटल्या तिकडूनच गाडीत टाका. स्वतःच्या वापरासाठी 60 लिटरपर्यंत फसफसणारी वाइन आणली तर सीमेवर सहसा कुणी काही विचारत नाही, आणि कैसरच्या आरमाराचा 1 युरो 2 सेंटही वाचतो.

एक गंमत सुचवतो. व्हेनिसला बेल्लीनी करतात, पांढऱ्या पीचचा गर आणि वर प्रोसेको. डिसेंबरात पीच कुठून आणणार? भारतीय दुकानातून हापूसच्या पल्पचा डबा आणा, चांगला गार करा, ग्लासात दोन चमचे घालून वर ब्रूत हळूहळू ओता. भसकन ओतलीत तर टेबल पिवळं होईल. यासाठी आणि स्प्रिट्झ या कॉकटेलसाठी स्वस्त फ्रिझ्झान्ते, म्हणजे कमी फेसाची प्रोसेको, चालते. तिचा दाब कमी, तिलाही तो कर नाही.

काटेकोर शाकाहारी कुणी असेल तर बाटलीवर ‘व्हेगन’ लिहिलंय का बघा. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्यातलं पांढरं, दुधातलं केसिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. न पिणाऱ्यांसाठी क्रोदिनोच्या छोट्या बाटल्या आणा. कडसर, नारिंगी, बिनदारूची, आणि ग्लासात बघून कुणाला फरक कळत नाही.

थंड करायला तीन-चार तास फ्रीज पुरे. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, फुटते. उघडताना तारेचे सहा अर्धे वळसे सोडवा, पण अंगठा बुचावरून काढू नका. मग बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. फुस्स असा आवाज आला पाहिजे. ठो आवाज काढायचा असेल तर बाल्कनीत जा, छतावरच्या दिव्याची काळजी तुम्हालाच असेल. उंच अरुंद ग्लास नसले तरी बिघडत नाही, व्हाइट वाइनच्या साध्या ग्लासात वास उलट जास्त चांगला येतो.

एका बाटलीत सहा ग्लास होतात. पंधरातले बारा जण पिणारे धरले तर चार डीओसीजी प्रोसेको, दोन ग्रास्पारोस्सा आणि दोन मोस्कातो दास्ती आणा, सगळं मिळून 65 ते 70 युरोत बसतं. आणि ही खरेदी 30 तारखेपर्यंत उरकून टाका. 31 ला दुकानं दुपारीच बंद होतात आणि तोवर फळीवर त्या 4.99 वाल्याच उरलेल्या असतात.